पोंभुर्ण्याच्या बसमधला धडा

त्यांचं नाव मी विचारलं नाही. गडचिरोलीहून पोंभुर्ण्याला येताना शेजारी बसलेल्या त्या शिक्षिका मांडीवरच्या टॅबलेटवर चित्रं काढत होत्या. इंजिनाचा आवाज येऊ नये म्हणून तोंडाशी पदर धरून प्रत्येक चित्राचं नाव मराठीत आणि गोंडीत रेकॉर्ड करत होत्या.

"घरी नाई होत का हे, बाई?" मी विचारलं.

"माझी बदली झाली, भाऊ. पहिलीची पोरं गोंडीच बोलतात अन् नव्या गुरुजीले ते येत नाई. आजच जुन्या शाळेच्या टॅबवर पाठवा लागते."

शेवटचं चित्र चालू असताना कंडक्टर ओरडला, "पोंभुर्णा आलं, उतरा लवकर!" तेही धड्यात गेलं.

"तेवढं काढून टाका," मी म्हटलं.

त्यांनी धडा तसाच पाठवला. "राहू द्या. बाई कुठी गेली, पोरांले समजन."