आक्कानं पेटवलेल्या बिड्या

सरजाबाई म्हंजी माझी थोरली जाऊ. आमी आक्का म्हनायचो. पेडगावात नांदली, पेडगावातच गेली, दोन महिने झाले. मी चौथी शिकलेली, बोलते तसं लिवायलेय.

नामांतराच्या दंगलीत आमी सगळे पंधरा दिस येलदरीला, आक्काच्या माहेरी लपून व्हतो. तवापासून आमच्या सासऱ्याचे हात लय थरथरायचे. काडी वढता यायची न्हाई. मग आक्का चुलीतल्या पऱ्हाटीच्या जळत्या काटकीवर त्यांची बिडी पेटवायची. बिडीनं पेट धरावा म्हनून एक झुरका मारायची आन् खोकत बसायची. म्हातारा बाजंवरून वरडायचा, "अगं सगळी तूच वढती का? मला ठिव की जरा!"

"घ्या, घ्या. घान कुठली!"

आक्का रानात गेली की मी तशीच पेटवून द्यायचे.

चार वर्सानं सासरे फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. डॉक्टर म्हनले बिडीनं झालं, मोठ्या नळीत गाठ हाय. रंगनाथ भाऊजीनं, आक्काच्या मालकानं, त्याच दिशी बिडीचं बंडल चुलीत टाकलं. पुन्हा घरात बिडी आली न्हाई.

आन् दहा-बारा वर्सानं खोकला लागला आक्काला. थुंकीत काईच निघालं न्हाई, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. अंगावरची चोळी ढिली पडली. मग औरंगाबादला नेलं, सुई घालून तुकडा काढला. कॅन्सर निघाला.

आक्कानं मला गोठ्यामागं नेलं. "सत्यशीला, हे मामांचंच हाय. त्यांची बिडी तोंडात धरायचे मी. तेच लागलं."

म्या बी धरली व्हती ना.

त्या दिशीपासून आक्कानं आपलं ताट, तांब्या येगळा केला. तिची लेक मनकर्णा बाळंतपनाला आलेली, पोरगी बारा दिसाची. आक्का दारातूनच बघायची.

"आई, घे की गं हिला."

"लांब ठिव. माझ्याकडं तोंड नगं करू तिचं."

पुढल्या खेपंला मीच डॉक्टरला इचारलं. "साहेब, सासऱ्याला मोठ्या नळीत कॅन्सर व्हता. त्यांचं सुनंला लागलं का?"

"हे लागत नसतं, बाई. आणि हा त्यांच्यासारखा नाहीच." त्यांनी कागदावर फुफ्फुस काढून दावलं. सासऱ्याची गाठ मधी, नळीत. आक्काची पार कडंला. "आधी आमच्याकडं बहुतेक बिडीवाले पुरुषच यायचे, त्या मधल्या गाठीचे. आता अशा कडेच्याही गाठी दिसायला लागल्यात. बायकांच्या, कधी बिडी न ओढलेल्या."

"एखादा झुरका मारायची ती, पेटवायला."

"तेवढ्यानंच झालं असं नाही म्हणता येणार. चुलीचा धूर असेल, आणखी काही असेल. नक्की नाही सांगता येत."

भाऊजी म्हनले, "धुरानं? मग तर गावातल्या समद्या बायांना व्हईल की!"

मला वाटलं डॉक्टर न्हाई म्हनतील. म्हनलेच न्हाईत.

आक्कानं तेवढं एकच इचारलं, "मग नातीला घेऊ का?"

"घ्या की. खुशाल घ्या."

एसटीत परभणीपतूर आक्का मला कोपरानं ढोसायची. "खुशाल म्हनले ना गं? तूच ऐकलं ना?"

घरी येऊन साबनानं हात धुतले, भिताडाला टेकून बसली. मनकर्णानं पोरगी मांडीवर दिली. आक्कानं पदराचा बोळा करून आपल्या तोंडात कोंबला. पोरीनं हात हालवला, आक्का हसली, आन् तितक्यात ढास आली, बोळा तोंडातून बाहीर पडला.

"घे! घे हिला! डॉक्टरला काय कळतंय!"

पोरगी माझ्याकडं ढकलली. म्या उचलली, पर माझं बी तोंड पोरीपासनं आपोआप पलीकडं वळलं. आक्कानं ते बघितलं. त्याच्यानंतर महिनाभर जगली, पर नातीला घेऊ का म्हनून पुन्हा कुनालाच इचारलं न्हाई.