मस्कतचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही, देवासमोर उभी राहिले तेव्हाही नाही — तिथेही इकडचं तिकडचं मागितलं आणि परत फिरले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित आज बोलवेल. पण आधी त्या दोघांविषयी सांगू दे. त्यांच्यामुळे माझं आयुष्य फार चांगलं गेलं, आणि हे मी मनापासून म्हणते आहे.

आमचे हे रत्नागिरीत कचेरीत कारकून होते. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. अबोल माणूस, पण मासे आणि हसन हे दोन विषय निघाले की थांबत नसत. हसनभाई राजिवड्याचे, यांचे शाळेपासूनचे मित्र, मालवाहू बोटीवर खलाशी. सुट्टीवर आले की दोघं संध्याकाळी भाट्याच्या खाडीवर माशांसाठी गरी टाकून बसायचे. कधी मलाही न्यायचे. बाईमाणूस तिथे कशाला, असं दोघांपैकी कुणी कधी म्हटलं नाही. कोळंबी गरीला कशी लावायची, दोरी बोटावर कशी धरायची, मासा ओढू लागला तरी घाई कशी करायची नाही — हे मला हसनभाईंनी शिकवलं.

दोघांनी एक बेत आखला होता. जगभर फिरून गरी टाकायची. हसनभाईंनी बंदरं पुष्कळ पाहिली होती, पण माल चढवता-उतरवताना. आणि हे? कोल्हापूर आणि मुंबई, त्यापलीकडे काही नाही. मुलीचा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरून दोघं त्यावर ओणवे व्हायचे. आधी मस्कत, कारण हसनभाईंच्या मोठ्या भावाच्या शेठची तिथे लाँच होती आणि सुरमई म्हणे हाताएवढी नाही, माणसाएवढी. मग मोंबासा. मग मॉरिशस. सगळ्यात शेवटी नॉर्वे, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.

"मग घरी कधी यायचं?" मी विचारलं.

"यायचंच नाही," हे म्हणाले.

दोघं हसले. मीही हसले — पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. चेष्टेत बोललेलं वाक्य. कुणी एवढं मनाला लावून घेतं का?

यांनी पासपोर्ट काढला. पुढच्या फेरीत मस्कतला उतरलो की भावाच्या शेठशी बोलतो, व्हिसाचं जमवतो, असं सांगून हसनभाई बोटीवर गेले.

आणि फोन आला.

फोन नाक्यावरच्या दुकानात यायचा. हे त्या दिवशी कामाला पालीला गेले होते, म्हणून दुकानदाराने मला हाक मारली. पलीकडून हसनभाई ओरडून बोलत होते. शेठने व्हिसा द्यायचं कबूल केलं होतं, पण तो संध्याकाळी परदेशी निघणार होता, नक्की काय ते आत्ताच हवं होतं.

"वैनी, मधूचा होकारच असणार. तरी तुमच्या तोंडून ऐकतो. सांगू ना शेठला?"

हो म्हणायला किती वेळ लागतो?

"त्यांचा विचार बदलला, हसनभाई," मी म्हणाले. "आता नको म्हणतात."

मग त्यांनी विचारलं, "मधू असं म्हणाला?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "सगळी तब्येतीला जपा."

हे घरी आले. हसनचा फोन आला होता म्हणताच यांचा चेहरा उजळला. काय म्हणाला? मी म्हणाले, खुशाली विचारली. बाकी काही? बाकी काही नाही.

का केलं मी हे? माझ्याजवळ उत्तरं बरीच आहेत, आणि प्रत्येक उत्तरात मी होते त्यापेक्षा बरी दिसते. खरं एवढंच — त्या नकाशावर ओणवं असताना यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते माझ्याशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हे वाट पाहत राहिले. मग हळूहळू वाट पाहणं सुटलं, आणि हसनभाईंचं नाव घेणंही सुटलं. ते मी रोज पाहत होते. तरी गप्प.

पुढच्या सुट्टीत हसनभाई खजूर घेऊन घरी आले. हे नेहमी एसटी स्टँडवर जायचे आणायला, त्या वेळी गेले नव्हते. मी पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा हे म्हणत होते, "नाही जमलं तर नाही म्हणून कळवायचंस. मी किती वाट पाहिली, माहीत आहे?"

हसनभाईंनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. क्षणभरच. मग त्यांनी मान खाली घातली.

"विसरलो रे मधू. शेठशी बोलायचं राहूनच गेलं. माफ कर."

हे आठवडाभर घुश्शात होते. मग दोघं परत खाडीवर जाऊ लागले. पण हसनभाईंच्या भावाची मस्कतची नोकरी सुटून तो गावी आला, तिकडची वाट बंद झाली. पुढे बदली, मुलीचं लग्न, यांचं रक्तदाबाचं दुखणं — जायचं ते राहिलंच. हे हसनभाईंना चारचौघांत चिडवायचे, "हा विसरला, नाहीतर मी जग फिरलो असतो." हसनभाई हसून मान डोलवायचे. मी चहा ओतत असायचे.

एकदा ते एकटे आले होते. मी धीर करून म्हणाले, "हसनभाई, तो फोन —"

"वैनी, पालू मासा आणलाय," ते म्हणाले. "ताजा आहे, आधी तो करा."

मला त्यांनी सांभाळून घेतलं. माझा संसार, माझी घरातली पत, खाडीवरच्या आमच्या तिघांच्या संध्याकाळी — सगळं मला त्या माणसामुळे मिळालं. माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

आधी हसनभाई गेले. माती देऊन हे परत आले आणि पडवीत बसले. म्हणाले, "आयुष्यात एकदाच विसरला बघ तो. तेवढं सोडलं तर..."

मी शेजारीच बसले होते. दुसरं कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

त्यानंतरही हे काही वर्षं होते. मित्र आपल्याला एकदा विसरला, हेच मनात घेऊन गेले.