फेसाच्या गोळ्याची चौकशी

ऑपरेटरबाईंनी नोकरीभर माणसं पाहिली नाहीत, ऐकली. टेलिफोन एक्स्चेंजच्या चौकशी विभागात कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून त्या बसत. त्या झोपल्यात असं वरिष्ठांना वाटे, आणि तेही सर्वस्वी खोटं नसे. निवृत्तीनंतर हेडफोन सुटला, डोळे मिटायची सवय राहिली.

त्या राहत त्या इमारतीमागे झाडांच्या पाण्याची सिमेंटची टाकी होती. संध्याकाळ झाली की तिथून कुणीतरी लाकडावर बोट आपटल्यासारखं बोलायचं. टक-टक-टक. थोडं थांबून पुन्हा टक. बाई खिडकीशी बसून ऐकत. मग एके सकाळी टाकीच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर, मूठभर पांढरा फेस चिकटलेला सापडला.

इमारतीच्या सेक्रेटरींनी मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि जाहीर केलं, "विषारी बेडकाची लाळ आहे. उद्या टाकी ब्लीचिंग पावडरने घासून काढायची."

"कुठे वाचलंत?" बाईंनी विचारलं.

"नेटवर!" नेट म्हणजे कुणी निवृत्त न्यायाधीश असावेत, अशा आदराने ते म्हणाले. पानावर एका निळ्याशार बेडकाचा फोटो होता. खाली कंबरदुखीच्या पट्ट्याची जाहिरात.

बोलणाऱ्याचं नावगाव न विचारताच लाइन तोडायची, हे बाईंना पटेना. दुपारी त्या टॅब्लेट घेऊन बसल्या.

"वहिनी, बेडकांची स्थळं बघताय का?" शेजारी लोकर विणत बसलेल्या नणंदेने विचारलं.

"बघतेय. पण सगळी थापाडी निघतायत."

एका ठिकाणी म्हटलं होतं, बेडूक घरात आला की भरभराट होते. दुसऱ्या ठिकाणी तेच, त्याच चुकांसकट. तिसरीकडे एक गृहस्थ संगीताच्या तालावर ओरडत होता आणि बेडूक काही येत नव्हता. शेवटी एका संग्रहालयाची ध्वनिसूची मिळाली. प्रत्येक आवाजाखाली तो कुणी, कुठे, कधी टिपला ते लिहिलेलं. एकाखाली तर चक्क 'ओळख पक्की नाही'.

"हे घर चांगलं दिसतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन चढवला.

एकामागून एक तळी बोलू लागली. कुणी शीळ घालत होतं, कुणी गंजलेलं दार ढकलत होतं. मागे कुठेतरी टिपणाऱ्याचा खोकला, दूरवरचा ट्रक, डास मारल्याची चापट. खोलीत पाणी हळूहळू टेबलापर्यंत चढलं, नणंदेचा लोकरीचा गुंडा त्यावर तरंगू लागला, आणि पृथ्वीवरची सगळी दलदल बाईंच्या लाइनवर ताटकळत उभी राहिली.

"वहिनी, झोपलात?"

"श्श. बोलणं चालू आहे."

आणि मग ते आलं. टक-टक-टक. खाली लिहिलं होतं, झाडावरचा बेडूक. मादी पाण्यावर फेस करते, त्यात अंडी घालते, पिल्लं काही दिवसांनी खाली पाण्यात गळतात. विषाचा उल्लेख नव्हता. बाईंनी तेच एका विद्यापीठाच्या पानावर ताडून पाहिलं. तिथेही तसंच, पण वेगळ्या शब्दांत, म्हणजे उतरवलेलं नव्हतं.

संध्याकाळी टाकीपाशी त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, "ती अंडी असावीत. बहुतेक."

"बहुतेक?" सेक्रेटरींच्या हातात उद्यासाठी आणलेली पावडरची पिशवी होती. "काकू, माझ्याकडे खात्रीची माहिती आहे."

"मग तुमच्या बेडकाला बोलवा की."

सेक्रेटरींनी ते पान उघडून आवाज मोठा केला. कंबरदुखीचा पट्टा खणखणीत बोलला. टाकी गप्प.

बाईंनी टॅब्लेटवर संग्रहालयातला आवाज लावला. क्षणभर काहीच नाही. मग कुंपणावरच्या वेलीतून, अगदी सावकाश, टक. पलीकडून दुसरा. मग टाकीच्या आतूनही.

सेक्रेटरी उभेच राहिले. अंधार पडत होता, फेस तेवढा पांढरा दिसत होता.

"परत लावा बघू," ते हळूच म्हणाले.

"आता लावायची गरज नाही. ऐका नुसतं."

बऱ्याच वेळाने सेक्रेटरींनी पिशवी जिन्याखाली नेऊन ठेवली. सकाळी टाकीवर, फेसाला ऊन लागू नये अशा बेताने, एक फळी आडवी टाकलेली होती. कुणी टाकली, याबद्दल सेक्रेटरींना काहीच माहिती नव्हती.