पहिली बट कुणी कापली

लिही बेनिता, तुझ्या आईची गोष्ट लिही. आणि मध्येच पेन थांबवायचं नाही. तुझा भाग आला की तू थांबवणार, मला ठाऊक आहे.

तुझी आई बासिलिया, माझी लेक, जन्माची घाबरट. मेंढरू शिंकलं तरी ही माझ्या पाठीमागे. आणि देवानं पदरात काय घालावं, तर तुम्ही दोघं! तू पाच वर्षांची, जिभेला हाड नाही. एफ्राइन तिसऱ्या वर्षात, पायाला चाकं. त्याच्या नाकातला वाटाणा काढावा, तोवर तू चुलीमागे रश्शासाठी पाळलेल्या कुईंना, त्या गुबगुबीत गिनीपिगांना, माझी शाल पांघरलेली. बाप तुमचा खाणीत. "आई गं," बासिलिया मला म्हणायची, "ह्यांना मी जन्म दिला, की ह्यांनी मला कामाला ठेवलंय?"

त्यात एफ्राइनचं जावळ. ते निघेपर्यंत ना कात्री, ना कंगवा. पोराच्या डोक्यावर जटा झालेल्या. त्यात सूप, लाळ, गवत, एकदा तर जिता टोळ निघाला. हुलियाकाच्या बाजारात बायका म्हणायच्या, "किती गोड मुलगी गं!" की हा लगेच विजार खाली करून दाखवायचा. तुझी आई टोपलीखाली तोंड लपवायची.

जावळाला पाद्रिनो, म्हणजे पहिल्या बटेचा मानकरी, ठरवला सेवेरो, लोकरीचा व्यापारी. बट कापली की तो घरचा सोयरा, कोंपाद्रे; बाई असली तर कोमाद्रे. पहिली बट पाद्रिनोनं कापायची, ताटलीत ठेवायची आणि पोराला जनावर द्यायचं; बाकीच्या बटा मग पाहुण्यांच्या. त्या जनावरावर पोराचा कळप उभा राहतो. त्या साली बर्फानं आपली लोकरीची सगळी अल्पाकं नेली होती. मागे उरल्या म्हाताऱ्या मेंढ्या. म्हणून बासिलियाचा सगळा जीव त्या एका जनावरात अडकला होता. आणि सेवेरो कसा? शेजारच्या मातेओच्या घरी चिचेचा, मक्याच्या दारूचा, पहिला पेला दुसऱ्याला दिला, एवढ्यावरून भरल्या ताटावरून उठलेला माणूस.

जावळाच्या दिवशी सकाळी बासिलियानं एफ्राइनला पावाची लालूच दाखवून बसवलं आणि केसांच्या बटा करून रंगीत फिती बांधल्या. कपाळावरची लाल फीत पाद्रिनोची. मग ती सुपाच्या हंड्याकडे वळली, मी चिचा गाळायला बसले. थोड्या वेळानं अंगणात एकदम शांत झालं. लेकरांच्या घरात शांतता झाली की धावत सुटायचं असतं. आम्ही धावलो.

चुलीमागे एफ्राइन उपड्या मडक्यावर बसलेला. समोर कुई गोलात, बटाट्याची सालं खात. हे पाहुणे. तुझ्या हातात कात्री. आणि ताटलीत ती बट, लाल फितीसकट. एक पाहुणा ती चघळत होता.

"थांब आजी," तू म्हणालीस, "अजून सगळ्या पाहुण्यांचं कापून झालं नाही."

बासिलिया मटकन खाली बसली. "गेलं. आई, सगळं गेलं. आपल्या आधी दुसऱ्यानं हात लावला म्हटल्यावर तो उंबरासुद्धा ओलांडायचा नाही."

मग एकदम उठली. माझ्या सुताच्या टोपलीतून काळ्या अल्पाकाच्या लोकरीचा झुबका काढला आणि कपाळावरच्या खुंटांना लाल फितीनं आवळून बांधला.

"अगं, तो लोकरीतच जन्मलाय!" मी म्हटलं. "डोळे झाकून ओळखेल."

"मग काय करू? सांगू त्याला?"

तेवढ्यात खाली रस्त्यावर ट्रकची धूळ दिसली. आता तुझ्या तोंडाचं काय करायचं? मी गुळाचा भलामोठा खडा तुझ्या गालात कोंबला. "हा संपेपर्यंत एक अक्षर नाही." तू मान हलवलीस.

सेवेरो उतरला. ट्रकमधून अल्पाकाचा एक म्हातारा नर उतरवला, पाठीची हाडं मोजून घ्यावीत असा. सगळ्यांनी पाहिलं. फुकटच्या जनावराचे दात कोण बघतो? सूप झालं, चिचा झाली. मी सारखी तुझा गाल बघत होते. खडा झपाझप लहान होत होता.

सेवेरो एफ्राइनपुढे गुडघ्यावर बसला. कात्री घेतली. लाल फीत दोन बोटांत धरली, आणि बोटं थांबली. त्यानं झुबका चोळला. पुन्हा चोळला. नाकाशी नेला.

"बासिलिया."

"हं, कोंपाद्रे?"

"पोराला काय चारतेस?"

"सूप... बटाटे..."

"गवत नाही ना? नाही, ह्याला लोकर उगवलीय म्हणून विचारतो."

कुणी हसेना. बासिलिया संपलेल्या सुपाच्या हंड्यात डाव फिरवायला लागली. आणि नेमका तेव्हाच तू गूळ गिळलास.

"खरी बट मी कापली! सकाळीच. पण नीट कापली. ताटलीत ठेवली. पाहुणेपण होते."

सेवेरो उभा राहिला. टोपी डोक्यावर चढवली. "म्हणजे पहिला मान तू घेतलास? आणि दिलंस काय? नुसते केस कापून जातो त्याला न्हावी म्हणतात."

"चास्का दिली."

"चास्का कोण?"

"माझी कुई. गाभण आहे."

तेव्हा तुझी आई बोलली. जी बाजारात शिळा पाव परत करायलाही मला पुढे करायची, ती. डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "कोंपाद्रे, चूक आमची. पण पाच वर्षांच्या पोरीनं भावाला गाभण जनावर दिलं. तुम्ही काय आणलंय, ते सगळ्यांनी पाहिलंय."

सेवेरोनं तिच्याकडे पाहिलं, नराकडे पाहिलं, कात्री ताटलीत टाकली. नराला परत ट्रकमध्ये चढवलं आणि निघून गेला.

"आई," बासिलिया कुजबुजली, "मी काय बोलले गं हे?"

"खरं बोललीस," मी म्हटलं.

पाहुणे जाईनात, पुढचं जेवण कुणी वाढूनही घेईना. एफ्राइन माझ्या मांडीवर झोपून गेला, लोकरीसकट. ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा ट्रकचा आवाज आला. सेवेरोनं मागचं फळकूट पाडलं. आत तांबूस मादी, तरणी, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं.

"पहिल्या मानकऱ्यानं गाभण दिली," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "मग दुसऱ्यानं हाडकं द्यायची होय? माझी अब्रू आहे की नाही?" मग तुझ्यापुढे टोपी काढली. "चला कोमाद्रे, ताटली धरा. दुसरी बट माझी."

तू दोन्ही हातांनी धरलीस. बासिलिया रडतही होती, हसतही होती, आणि एफ्राइन जागा होऊन सगळ्यांना विजार खाली करून दाखवत होता.

त्या तांबडीची पिलावळ आज टेकडीवर चरते. सेवेरो म्हातारा झाला, पण भेटला की तुला अजून कोमाद्रेच म्हणतो. आणि चास्का? आपल्या वाडीत म्हातारी होऊन मेलेली कुई ती एकच. तुझ्या आईनं तिला सुरी लावू दिली नाही. सुरी घेऊन गेलेला तुझा बाप तसाच परत आला होता.