शेवटच्याची खुर्ची

तिला सगळे आत्या म्हणत. भावाची दोन मुलं म्हणतात म्हणून भाऊ म्हणायला लागला, भाऊ म्हणतो म्हणून वहिनी, आणि वहिनीची हाक खिडकीतून गल्लीभर जायची, म्हणून मग गल्लीही. न वापरलेलं नाव हळूहळू गंजतं. आत्याचं गंजून गेलं होतं आणि त्याची चुटपुट तिच्याशिवाय कुणाला लागली नव्हती.

काम रुग्णालयाच्या धुलाईघरात. वाफेच्या रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, जवळ येऊन टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा लांब जायचं. समोरच्या बाया बदलत गेल्या, आत्या तीच राहिली. तिथे बसायची सोय नव्हती, कारण बसून चादरीची घडी होत नाही. संध्याकाळी घरी यावं तर जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार आणि भाऊ, वहिनी, दोन मुलं मिळून माणसंही चार. आत्या ओट्याशी उभी राहून जेवायची. यात कुणाचा काही डाव होता असंही नाही. वहिनी एकदा म्हणाली होती, "आणखी एक खुर्ची आणायला हवी," आणि ते राहून गेलं ते गेलंच. भाऊही वाईट नव्हता. त्याने बहिणीला कधी अर्ध्या शब्दाने दुखावलं नाही, कारण दोघांत तेवढं बोलणंच होत नसे.

मग तपासणीत तिच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला, जमलं तर पळा, सकाळी मैदानावर नवशिक्यांचा गट जमतो तिकडे जा. आत्या गेली. पायात भाचीने टाकून दिलेले बूट, पुढे कापूस कोंबलेले.

गट म्हणजे सगळी हौशी मंडळी. निवृत्त व्यायामशिक्षक होते, ते मास्तर. एक बेकरीवाली, एक विमेवाला, आणि अशीच आणखी काही दमेकरी जनता. मास्तरांचे नियम दोनच. शेवटचं माणूस फाटकाशी पोचेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आणि फाटकाजवळ चौकीदाराची जी एकुलती एक लोखंडी खुर्ची आहे, ती शेवटच्याची. बाकीच्यांनी तिच्याभोवती उभं राहायचं आणि त्याचं ऐकायचं.

पहिल्या दिवशी आत्याच्या तोंडाला फेस आला. पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती कशीबशी फाटकाकडे निघाली तेव्हा तिची खात्री होती की मंडळी केव्हाच पांगली असतील. तर सगळे ओळीने उभे आणि टाळ्या वाजवतायत. टाळ्या कुणासाठी म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

तिला खुर्चीत बसवलं. बेकरीवालीने पाणी दिलं. मास्तरांनी विचारलं, "हं आत्या, कसं वाटलं?"

आता या प्रश्नाला लोक "बरं वाटलं" म्हणतात आणि विषय मिटतो. आत्याने गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघ्यावरून ती धुलाईघराच्या ओल्या फरशीवर आली, फरशीवरून रोलरच्या वाफेवर, आणि आश्चर्य म्हणजे कुणी मधेच तोडलं नाही. एवढी माणसं उभी आणि आपण एकटी बसलेली, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. घरी जाताना ती रस्त्यात एकटीच हसली. त्या दिवसापासून तिला जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती फाटकापाशी होती.

पण शरीराला कुठे अक्कल असते? ते आपलं सुधारत गेलं. श्वास लांबला, पोटऱ्या घट्ट झाल्या, आणि एका सकाळी आत्याने नकळत बेकरीवालीला मागे टाकलं. अशी हरखली की विचारू नका. फाटकाशी आली तर मास्तर "छान, आत्या" म्हणाले आणि लगेच मान वळवून मागून येणाऱ्या बेकरीवालीसाठी टाळ्या वाजवू लागले. खुर्चीत बेकरीवाली बसली. तिचा घोटा, तिची सून, तिची भट्टी, सगळं साग्रसंगीत झालं. आत्या उभी होती. तशीच चालत घरी गेली आणि ओट्याशी उभं राहून चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शेवटची आली. यात फार मोठी विद्या नाही. बुटाची नाडी सोडायची आणि बांधायची, कमरेवर हात ठेवून दम खायचा, की झालं. मास्तर तर तिचा दाखला देऊ लागले. "आत्यांकडे बघा. रोज शेवटच्या, पण रोज येतात." आत्या खाली मान घालून ऐकायची. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते असंच.

असं छान चाललेलं असताना घड्याळकाका आले.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर वाकून बसल्याने पाठीला बाक, पोट पुढे, आणि भिंग लावून लावून एक डोळा बारीक झालेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना फाटकाशी मुलगी सोडून गेली. जाताना मास्तरांना म्हणाली, "डॉक्टरांनी यांना फक्त चालायला सांगितलंय. पळवू नका बरं का." आत्या शेजारीच उभी होती. तिने ते स्वच्छ ऐकलं.

चालणारा माणूस पळणाऱ्यांच्या गटात कुठे येणार? काका शेवटी आले, तेही वाटेत दोनदा थांबून, पाखरंबिखरं बघत. टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्चीत काका बसले आणि म्हणाले, "घड्याळ चालतंय की बंद पडलंय ते बघायलाच तुम्ही थांबलात?" सगळे हसले. माणूस मुळात गोड होता, गप्पिष्ट होता, आणि त्याच्या गप्पा गुडघ्यावर सुरू होऊन फरशीवर येत नव्हत्या. टाळ्या आत्यानेही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जोरातच. मनात म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा.

तिने काकांच्याही मागे राहून पाहिलं. मास्तर काळजीने मागे परत आले. "आत्या, बरं नाही का? मग घरी जाऊन आराम करा." म्हणजे तोही रस्ता बंद झाला. आता आत्याकडे एकच उपाय उरला. काकांना पुढे काढायचं.

एक दिवस तिने त्यांना बाजूला घेतलं. "काका, एक सांगू? राग नका मानू."

"राग कसला? सांगा की."

"त्या टाळ्या आहेत ना, त्या कौतुकाच्या नाहीत. मी इतके दिवस खाल्ल्यात, मला चव माहीत आहे. काल विमेवाले म्हणत होते, जन्मभर मागे पडलेली घड्याळं पुढे आणली आणि आता स्वतःच मागे पडले. हसले सगळे."

विमेवाला असं काही बोलला नव्हता. बिचाऱ्याला एवढं सुचणारंही नव्हतं. पण काकांचा चेहरा उतरला. त्या दिवशी खुर्चीत बसून त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि सबंध वेळ विमेवाल्याच्या बुटांकडे बघत राहिले.

"मी शिकवते तुम्हाला," आत्या म्हणाली. "जरा लवकर येत जा. कुणाला सांगायचं नाही. एक दिवस सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभे राहा आणि बघा त्यांची तोंडं."

झालं. मंडळी यायच्या आधी दोघं मैदानावर असायची. दिव्याच्या खांबापासून टाकीपर्यंत पळायचं, मग थोडं चालायचं, मग पुन्हा पळायचं. आत्याने काकांना हरभऱ्याच्या झाडावर असं काही चढवलं की खाली उतरायची शिडीच ठेवली नाही. काय तुमची पावलं, काय तुमची चिकाटी, तुमच्या वयाचे लोक काठी शोधतात. काका लाजायचे आणि आणखी एक फेरी मारायचे. ही गोष्ट गटात फुटलीच. मुलीने बजावलेलं मास्तर केव्हाच विसरले होते. ते म्हणाले, "नवशिक्याने नवशिक्याला हात द्यावा, याला म्हणतात साथ." बेकरीवालीने दोघांसाठी खारी आणली.

आणि एका सकाळी काका पळत आत्याच्या पुढे गेले. त्यांच्या मागून, सावकाश, आत्या आली. टाळ्या, पाणी, खुर्ची, आणि "आत्या, कसं वाटलं?" तिने गुडघ्यापासून सुरुवात केली. काका घाम पुसत शेजारी उभे होते आणि तिच्याकडे बघून समाधानाने मान डोलवत होते. ती सुखात होती. कुणाला पटो न पटो, पण त्या दिवसांत आत्याइतकं सुखी माणूस त्या गावात दुसरं नसेल.

पुढे एकदा टाकीपाशी दम खाताना काका म्हणाले, "आत्या, एक विचारू? पळताना डाव्या हाताला कोपरापर्यंत जडपणा येतो. थांबलं की जातो. मुलीला सांगावं म्हणतो."

धुलाईघराच्या मुकादमाचं असंच सुरू झालं होतं. डावा हात, कोपरापर्यंत. तो गेला त्या खाटेवरच्या चादरीची घडी आत्यानेच घातली होती. तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

"सांगा की," ती म्हणाली. "म्हणजे उद्यापासून घरात बसाल. मुली बापाला काचेच्या कपाटात ठेवतात. अहो, नवं नवं अंग असंच बोलतं. माझं नव्हतं का बोलत? आपोआप गप्प झालं."

काकांनी हाताची मूठ दोनचारदा उघडमीट केली. "तुम्ही म्हणताय तर ठीक आहे. तुम्ही रुग्णालयात असता, तुम्हाला कळणार."

त्या दिवशी चादरीच्या घड्या घालताना तिला दोनदा वाटलं, सांगून टाकावं. उद्या सांगू. मग वाटलं, हा आठवडा जाऊ दे. आठवडा गेला. दुसराही गेला.

थंडी पडली होती त्या सकाळची गोष्ट. गट पुढे निघून गेला होता, काका मधे, आत्या सगळ्यांच्या मागे. टाकीच्या भिंतीशी काका थांबले. भिंतीवर हात टेकून वाकले. तोंड उघडं होतं. आत्या चार पावलं पुढे गेली असती तर त्यांच्यापाशी पोचली असती. पण पोचली असती म्हणजे बरोबर आली असती, आणि तिथून पुढे ते मागे राहिले असते.

ती खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडून बांधू लागली.

काकांनी मागे वळून पाहिलं. बाई दमली असं त्यांना वाटलं असणार. भिंतीवरचा हात काढून त्यांनी तिला खूण केली, या, या, थोडंच राहिलंय. तिला हुरूप यावा म्हणून हसलेही. मग तोंड फिरवून ते पळत सुटले आणि वळणाआड गेले.

आत्या फाटकाशी आली तेव्हा टाळ्या नव्हत्या. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. आधी तिला रिकामी खुर्ची दिसली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग जमिनीवर काका दिसले. मास्तर त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होते, विमेवाला फोनवर ओरडून रस्ता सांगत होता. गाडी आली तेव्हा उशीर झाला होता.

रुग्णालयात काकांवर घातलेली चादरही यथावकाश धुलाईघरात आली असेल. आत्याने ओळखायचा प्रयत्न केला नाही. गटाने मात्र तिला तळहातावर घेतलं. बेकरीवाली घरापर्यंत सोडायला यायची, मास्तर रोज चौकशी करायचे. सगळ्यांत जास्त धक्का आत्यांना बसलाय, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. वहिनीनेही कुठून तरी ऐकलं आणि त्या रात्री जेवताना स्वतः उठून आत्याला आपली खुर्ची दिली.

थोड्या दिवसांनी काकांची मुलगी मैदानावर आली. बापासारखाच डोळा बारीक करून बघणारी. ती सरळ आत्यापाशी आली.

"डॉक्टर म्हणाले, हे एकाएकी होत नाही. आधी काहीतरी जाणवलं असणार. बाबा मला कधी काही बोलले नाहीत. तुम्हाला काही म्हणाले होते का?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "एका शब्दाने नाही."

मुलीने मान हलवली. रडू आवरत म्हणाली, "घरी सारखं तुमचंच नाव असायचं. म्हणायचे, तिला सगळ्यांच्या पुढे जाता येतं, मी बघितलंय. मला वाईट वाटू नये म्हणून ही बाई मुद्दाम मागे राहते. असं माणूस शोधून सापडणार नाही, म्हणायचे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बेकरीवालीने आत्याच्या हातातली पाण्याची बाटली हळूच काढून घेतली. वाटत होतं की आता आत्या सांगेल. एवढी माणसं तिचं ऐकायला उभी होती, आणि सांगण्यासारखं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी तिच्यापाशी होतं.

तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "उद्यापासून मी येऊ का तुमच्यात? घरी सकाळ खायला उठते. पण मला अजिबात पळता येत नाही हं. रोज शेवटचीच येईन मी."

आत्याने तिला नखशिखांत न्याहाळलं. जड अंग, सपाट पाय, एवढं बोलण्यानेही लागलेली धाप. मग जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला.

"ये की," ती म्हणाली. "मी आहे ना. तुला नाही मी शेवटची येऊ देणार."

आणि हे मात्र ती अगदी मनापासून बोलली.