वस्तऱ्याखालचे होकार

सदर इसम वय वर्षे पन्नासच्या आसपास, उंची मध्यम, बांधा सडपातळ. व्यवसाय : केशकर्तन. ओळखीची खूण : उजव्या खांद्यावर टॉवेल. वर्तणूक चांगली. कोणाशी वैर नाही. मतभेद नाहीत. मते नाहीत.

शेवटच्या बाबीबद्दल थोडा खुलासा आवश्यक आहे. मतं नव्हती असं नाही. ती दुकानात आणायची पद्धत नव्हती. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं : वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. नाही ऐकलं की माणूस मान फिरवून बघतो, आणि पुढचं प्रकरण तुरटीच्याही हाताबाहेर जातं. नियम सुरक्षिततेचा होता, पण तो त्याच्या हाडीमाशी खिळला. पुढे हातात कात्री असली तरी, नुसता कंगवा असला तरी, एवढंच काय, गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तरी तो ‘बरोबर आहे’ म्हणू लागला. गावातल्या दोन्ही पक्षांना तो आपलाच माणूस वाटे.

अशा माणसाने राजधानी बघायला जायचं ठरवलं.

खरं तर ठरवलं बायकोने. दुकानामागे, पडद्यापलीकडे, त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे तिची सासू, म्हणजे त्याची आई, अंथरुणाला खिळलेली, आणि तिला एकटं सोडून बायको कित्येक वर्षांत बाजारापलीकडे गेली नव्हती. या महिन्यात नणंद आईजवळ राहायला येणार होती. त्यानंतर नणंदेच्या नवऱ्याची बदली पार लांब व्हायची होती, म्हणजे तिचं पुन्हा येणं कठीण. तेव्हा दोन दिवस मिळाले तर आत्ताच, नाहीतर राहिलंच.

‘‘तुला काय बघायचंय तिथे?’’ त्याने विचारलं.

‘‘जिराफ.’’

‘‘राजधानीत जाऊन जिराफ?’’

‘‘मग काय तो आपल्या चौकात येणारे?’’ ती म्हणाली. ‘‘एवढ्या उंचीवरून तो पाणी कसा पितो, ते बघायचंय मला. चित्रात नेहमी आपला पाला खात उभा.’’

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. घरातही तो हेच म्हणायचा, पण या वेळी ते त्याला खरोखरच बरोबर वाटलं. प्राणिसंग्रहालय राजधानीच्या एका टोकाला होतं. अख्खा दिवस मोकळा हवा, एवढंच.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने ही गोष्ट दुकानात सांगितली.

पहिले आले कापडवाले शेठ. ‘‘राजधानीला? अरे वा! माझा मेहुणा तिथेच असतो. त्याच्या दोन चादरी राहिल्यात माझ्याकडे, तेवढ्या पोचव. आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही हां तो तुम्हाला, मी सांगून ठेवतो.’’

वस्तरा गालावर होता. ‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला.

मग ठेकेदार. ‘‘लॉजवर उतरलास तर माझ्याशी गाठ आहे! पुतण्याचा फ्लॅट असताना? जरा शहराबाहेर पडतो म्हणा, पण हवा काय सांगू तुला!’’

हवा बरोबर होती. पुतण्याही बरोबर होता.

ज्यांनी राजधानी पाहिली होती त्यांनी सल्ला दिला. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनी जास्त दिला. संध्याकाळी बायको भाजी निवडत बसली होती.

‘‘पहिल्या दिवशी सकाळी काय?’’ तिने सहज विचारलं.

‘‘चादरी पोचवायच्या.’’

‘‘दुपारी?’’

‘‘मेहुण्याकडे जेवण.’’

‘‘कोणाच्या मेहुण्याकडे?’’

‘‘शेठच्या.’’

‘‘आणि मुक्काम?’’

‘‘पुतण्याकडे. ठेकेदाराच्या.’’

तिने एक देठ मोडलं. ‘‘आपलं कोणी आहे का हो या सहलीत?’’

‘‘दुसरा दिवस आहे की अख्खा.’’

‘‘तो तरी कोणाच्या नावावर करू नका.’’

आतून सासू अंथरुणातूनच म्हणाली, ‘‘याला लहानपणी वाण्याकडे पाठवायची सोय नव्हती. वाणी सांगेल तो भाव पटायचा.’’ तेही बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर आले. ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. निवृत्तीची वार्ता फक्त त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. फेस लावून झाला, एक गाल झाला, आणि वस्तरा हनुवटीखाली आला तेव्हा ते म्हणाले, ‘‘वस्तुसंग्रहालय बघणार असशीलच?’’

तो ‘अं’ म्हणाला.

‘‘पण ते असं आलं-बघितलं-गेलं, असं बघायचं नसतं. कोणीतरी समजावून सांगायला लागतं. मीच येतो तुमच्याबरोबर. मला तरी इथे काय काम आहे? दुसरा दिवस माझ्याकडे लागला. एकेक दालन नीट दाखवतो.’’

पडद्यापलीकडे भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

त्याने वस्तरा हनुवटीखालून काढला. कागदावर फेस पुसला. वस्तरा मिटून आरशाखालच्या फळीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरकला.

‘‘काय रे, धार गेली का?’’

‘‘सर, तुम्ही येऊ नका.’’

हेडमास्तरांनी गर्रकन मान फिरवली. म्हातारा कारागीर खोटं बोलला नव्हता.

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे आम्ही दोघंच जाणार. जिराफ बघायला.’’

‘‘जिराफ? अरे, वस्तुसंग्रहालयात हजारो वर्षांचा इतिहास ठेवलाय!’’

‘‘तो थांबेल सर. माझी बहीण थांबायची नाही.’’

हेडमास्तर उठले. रागाने सभा सोडून जाण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. पण आरशात एक गाल गुळगुळीत आणि दुसरा पांढराशुभ्र दिसला, आणि अशा अवस्थेत सभात्याग केल्याचं उदाहरण त्यांना आठवेना. ते परत बसले.

‘‘उरक,’’ ते म्हणाले.

त्याने उरकलं नाही. नेहमीच्याच सावकाश हाताने दुसरा गाल केला, तुरटी फिरवली, कानामागचा फेस पुसला. पडद्याआडून चहाचा एक कप आला, तो हेडमास्तरांनी रागारागात, पण शेवटपर्यंत प्यायला. दारात वळून ते म्हणाले, ‘‘खुळा आहेस तू.’’

‘‘बरोबर आहे, सर.’’

दुपारी तो चादरी नाकारायला शेठच्या दुकानी गेला. रस्त्यात चार वाक्यं पाठ केली होती. पहिल्यातच काम झालं. ‘‘अरे, पार्सलनेच धाडणार होतो मी,’’ शेठ म्हणाले, ‘‘तूच हो म्हणालास म्हणून ठेवून घेतल्या.’’ ठेकेदार मात्र भडकला. पुतण्याला निरोप गेला होता, पुतण्याने गादी काढून ठेवली होती, आता तोंड दाखवायला जागा राहिली नाही, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लॉजवरच उतरणार असं सांगितलं.

येणेप्रमाणे सदर इसमाच्या राजधानी-दर्शनाच्या कार्यक्रमात आवश्यक ते फेरबदल करण्यात आले असून संबंधितांना तोंडी कळविण्यात आले आहे.

तिकिटं दोनच काढली.