विहीणबाईंचा गिअरबॉक्स

सुनेच्या आईला मी विहीणबाई म्हणते, त्याही मला विहीणबाईच म्हणतात. मुलाची आई म्हणून मान माझा, असं मी उगाच धरून बसले होते. विचुंब्याला त्यांच्या गाळ्यात पहिल्यांदा गेले, तर त्यांनी बसा न म्हणता माझ्या हातात बॅटरी दिली. म्हणाल्या, "इथे जरा उजेड धरा."

कॉलेजात मेकॅनिकल शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आता स्वतः छोटं विमान बांधतायत. पनवेलला विमानतळ इतका जवळ आला, तरी यांना घरचंच हवं. इंजिन जुन्या मोटारीचं, रोटरी. पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो. त्याचा वेग विमानाच्या पुढच्या पंख्याला झेपत नाही, म्हणून मधे गिअरबॉक्स. हे सगळं त्यांनी मला चहा पार गार होईपर्यंत समजावलं.

इंजिन जमिनीवरच थोडं चालवायचं आणि गिअरबॉक्स खोलून बघायचा, हा त्यांचा नियम. त्या दिवशी दाते चकचकीत निघाले, त्या खूश. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे मला नको तेवढं स्वच्छ दिसत होतं. पंख्याची ओढ सोसणाऱ्या बेअरिंगची एक कड निळसर पडली होती.

"हा रंग असाच असतो का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. बेअरिंग तापलं होतं. तिथवर तेल पुरेसं पोचत नव्हतं. वर आकाशात हे झालं असतं तर काय, हे दोघींनीही मनातच ठेवलं.

मग नवं बेअरिंग आलं. तेलाचं भोक त्यांनी ड्रिलने मोठं केलं. आत राहिलेला बारीक कीस रॉकेल आणि ब्रशने धुऊन काढायचं काम मानाच्या विहिणीकडे आलं. सुनेचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्हीसुद्धा?"

पुढच्या आठवड्यात इंजिन पुन्हा चालवलं, गिअरबॉक्स पुन्हा खोलला. बेअरिंग अगदी लख्ख. मला हायसं वाटलं. विहीणबाईंचा चेहरा मात्र जरा उतरला.

"काहीच निघालं नाही," त्या म्हणाल्या, आणि पाना घेऊन पंख्याच्या बोल्टांकडे वळल्या.